बनसोडे बाई आणि मृगातला तेजोमेघ

बनसोडे बाई चिडल्या की आधी चष्मा काढायच्या. एरवी चष्म्याशिवाय त्यांना दोन बाकांपलीकडचं पोर ओळखू येत नसे. पण कुणाशी भांडायचं असलं की चष्मा हातात. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "समोरच्याचं तोंड नीट दिसलं की मला दया येती. मग बोलायचं ऱ्हातं." आमच्या त्या गावात चिडण्यासारखं पुष्कळ होतं, त्यामुळं त्यांचा चष्मा नाकापेक्षा हातातच जास्त असायचा. चिडायची तर मीही. पण मी चिडून घरी जायची आणि त्या चिडून समोर जायच्या.

गाव लोहाऱ्याच्या पुढं, आडवळणी. बहात्तरच्या दुष्काळानं खरवडून काढलेलं आणि नंतरच्या सात-आठ वर्षांत पुन्हा थोडं अंग धरलेलं. दूध संघ झाला होता, खरेदी-विक्री संघ झाला होता, हायस्कूलला स्लॅबची इमारत झाली होती. या सगळ्यांचा चेअरमन एकच. शाळेच्या संस्थेचा अध्यक्षही तोच. गावात त्याचं नाव कुणी घेत नसे, नुसतं "चेअरमन" म्हणायचे.

बाई आणि मी एकाच जूनमध्ये नोकरीवर लागलो. मी मराठी शिकवायची, त्या विज्ञान. पहिल्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघी मिळून खोली शोधायला निघालो. पेठेतल्या एका घरी मालकिणीनं पाट मांडले, चहा टाकला आणि आडनावं विचारली. 'बिराजदार' ऐकून तिनं मान डोलावली. 'बनसोडे' ऐकल्यावर तिचा हात चहाच्या गाळणीवरच थांबला. मग ती माझ्याकडं बघत म्हणाली, खोली तशी एकीपुरतीच आहे, या बाईंचं वस्तीत कुठं तरी जमेल. बाईंनी चष्मा काढला. उघड्या दारातनं खोली दिसत होती, तिकडं हात करून म्हणाल्या, "एकीपुरती हाय, तर आत दोन खाटा कशाला टाकल्यात?" आणि उठल्या. मीही उठले. तो चहा तसाच राहिला.

पुढं मी पोस्टमास्तरांच्या घरामागं राहिले आणि बाई बौद्ध वस्तीत, सोजरमावशी नावाच्या म्हातारीकडं. बाईंचं घर मुळात नळदुर्गकडचं. त्यांच्या लहानपणीच घरातल्यांनी दीक्षा घेतलेली. घरात शिकलेल्या त्या पहिल्या. बी.एस्सी. पहिल्या वर्गात. शाळेत त्या "हाय" आणि "न्हाय"च म्हणायच्या. हेडमास्तरांनी एकदा सर्वांसमोर सांगितलं, बाई, वर्गात शुद्ध बोलत जा. त्यावर बाई म्हणाल्या, "पाणी शंभर अंशाला उकळतं हे मी शुद्ध सांगितलं काय आणि अशुद्ध सांगितलं काय, ते शंभरालाच उकळायचं." हेडमास्तर पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

तेजोमेघांचं वेड त्यांना कॉलेजात लागलं. ग्रंथालयात एक परदेशी मासिक यायचं. त्यात मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा रंगीत फोटो होता, पानभर, लालभडक. ग्रंथपालानं ते मासिक त्यांना घरी नेऊ दिलं नाही. वर म्हणाला, तुम्ही बी.एड. करा, नोकरी धरा, हे बघून काय करायचंय? बाई तो प्रसंग सांगायच्या तेव्हाही त्यांचा आवाज चढायचा. म्हणायच्या, ते आभाळ काय त्यानं कुलूप लावून ठेवलं होतं का? आमच्या डोक्यावर पण तेच होतं की.

त्यामागं आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी मला फार उशिरा सांगितली. बहात्तरच्या दुष्काळात त्यांची आई खडी फोडायला जायची, आणि सुट्टीत बाईही जायच्या. तिन्हीसांजेला हात सुजलेले असायचे आणि वर आभाळ असं लख्ख, की बघून संताप यावा. ढगाचा ठिपका नाही. "आणि मग त्या मासिकात वाचलं," त्या म्हणाल्या, "की त्या तसल्या आभाळात बी एक ढग हाय. मृगाच्या बाणाखाली. मी रोज त्याच्याकडंच बघत होते आणि मला कुणी सांगितलं न्हवतं."

पहिल्या वर्षीच त्यांनी सोलापूरच्या एका फोटो स्टुडिओतनं वापरलेला कॅमेरा आणला, लांब भिंगाचा. मग सुतार इस्माईलचाचांकडून सागवानी दोन फळ्या बिजागरीनं जोडून घेतल्या, एकीत एक लांब बोल्ट बसवला. खालची फळी स्टँडवर घट्ट, वरच्या फळीवर कॅमेरा. बिजागरीचं टोक ध्रुवताऱ्याकडं धरायचं आणि बोल्ट सावकाश फिरवत राहायचं, म्हणजे फळी तारे सरकतात त्याच चालीनं उघडत जाते आणि फोटोत तारे ताणले जात नाहीत. चाचांनी फळ्या दोनदा उघडून-मिटून बघितल्या आणि विचारलं, "बाई, ये दरवाजा किधर बिठानेका?" बाई म्हणाल्या, आसमान को. चाचा हसले नाहीत. बिजागरीत जरा खेळ होता, तो काढायला दुसऱ्या दिवशी ते स्वतः शाळेच्या छपरावर आले.

छपरावर जायला हेडमास्तरांनी परवानगी दिली होती. माघ-फाल्गुनात अंधार पडता पडताच मृग माथ्यावर असतो, त्यामुळं जागरणाचं काम नव्हतं. बाई कॅमेरा लावायच्या, मी घड्याळाचा काटा बघत बोल्ट फिरवायची, आणि पाच-सात मिनिटं दोघी गप्प. डालड्याचा डबा कापून त्यांनी भिंगाला पुढं टोपरं केलं होतं. एवढं करून फिल्म सोलापूरला द्यायची, तिथनं ती पुण्याच्या लॅबमध्ये जायची आणि महिन्यानं परत यायची, 'फोटो आले नाहीत' अशा चिठ्ठीसह. लॅबवाल्यांना ती फिल्म कोरीच वाटायची. एकदा तर त्यांनी चित्राची कड न दिसल्यामुळं तेजोमेघाच्या बरोबर मधोमध कात्री चालवली. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मग युक्ती काढली: प्रत्येक रोलचा पहिला फोटो दिवसाउजेडी माझा काढायचा, म्हणजे कापणाऱ्याला चित्र कुठून सुरू होतं ते कळेल. माझे इतके फोटो माझ्या लग्नातही निघाले नाहीत.

आणि एकदा तो आला. पोस्टकार्डाएवढा कागद, काळा, त्यावर पांढरे ठिपके, आणि बाणाखाली गुलाबी-लाल धग, पंख पसरल्यासारखी. बाईंनी तो दारापाशी, उजेडात नेऊन बघितला. नंतर म्हणाल्या, "हा उसना उजेड न्हाय बरं का. कृत्तिकांभवतीची धूळ नुसती ताऱ्यांच्या उजेडात दिसती. हा वायू स्वतः पेटल्यागत तेवतो." दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात त्या तेरखेड्याच्या फटाक्यांतल्या, लाल पेटणाऱ्या काड्यांची पेटी घेऊन गेल्या. दारंखिडक्या लावून एक काडी पेटवली, सगळा वर्ग लाल झाला, आणि मग मुलांना सांगितलं की ही लाली एका धातूची, आणि मृगातली लाली हायड्रोजनची. प्रत्येक वायूला आपापला रंग असतो आणि तो दीड हजार प्रकाशवर्षांवरूनही लपत नाही. धूर व्हरांड्यात आला तेव्हा हेडमास्तर धावत आले. मुलं मात्र ते कधी विसरली नाहीत.

तेव्हापासून शाळेच्या फलकावर दर महिन्याला एक फोटो लागायचा, 'या महिन्याचं आभाळ' म्हणून.

मग पुन्हा दुष्काळाचं वर्ष आलं. विहिरी आटल्या, हातपंप नुसतेच वाजायला लागले. गावाला टँकर सुरू झाला. पेठेत रोज यायचा, वस्तीतही रोज शेवटच्या खेपेला ठरला होता, पण आठवड्यातून एकदा आला तरी नशीब. विचारलं की डिझेल नाही, रस्ता खराब आहे, उद्या येईल. वस्तीतल्या बाया घागरी घेऊन दीड कोसावरच्या खाणीतनं पाणी आणायच्या. ते पाणी हिरवं असायचं.

त्याच दिवसांत हातपंपावर दुसऱ्याच एका म्हातारीनं बाईंना सुनावलं की तुम्ही रोज आभाळाला ते यंत्र लावता म्हणून ढग टिकत न्हाईत. मला वाटलं, आता चष्मा निघणार. निघाला नाही. बाई तिला त्या संध्याकाळी छपरावर घेऊन आल्या, एकेक पायरी हाताला धरून. कॅमेऱ्यातनं तिला काहीच दिसलं नाही. ती म्हणाली, अंधार हाय. बाई म्हणाल्या, "व्हय मावशी, अंधारच हाय. मी कुणाचा ढग न्हेत न्हाय. पाणी कोण न्हेतं ते मला बी बघायचंय." त्यांना तेव्हा तरी ते माहीत नव्हतं. बोलण्यात बोलून गेल्या.

त्या वर्षी त्यांचे फोटो खराब यायला लागले. ऐन त्या पाच-सात मिनिटांत उजेडाचा एक झोत छपरावरून फिरून जायचा आणि फिल्मवर धूसर पट्टा उठायचा. एकदा झालं, दोनदा झालं. बाई चिडल्या. झोत चेअरमनच्या मळ्याच्या वळणावरून यायचा. तिथं तळ्याच्या बांधावरून गाडी वळली की दिवे सरळ शाळेवर पडायचे. कुणाची तरी गाडी रोज त्याच वेळेला का वळते, हे बघायला बाई दुसऱ्या दिवशी एकट्याच त्या वाटेनं गेल्या. परत आल्या त्या थेट माझ्या खोलीवर. चष्मा हातात होता. समोर मी सोडून कुणी नव्हतं.

पिण्याच्या पाण्याचा टँकर होता. चेअरमनच्या डाळिंबाच्या बागेत, विहिरीत नळी सोडून उभा. रोज शेवटची खेप तिथं व्हायची. वस्तीची खेप.

मी म्हणाले, आपण तक्रार करू. बाई म्हणाल्या, "कुणाकडं? अध्यक्षाची तक्रार अध्यक्षाकडं?"

त्यानंतरच्या संध्याकाळी आम्ही दोघी बागेला लागून असलेल्या इस्माईलचाचांच्या शेताच्या कडेनं गेलो. बाईंनी तोच स्टँड रोवला. फळ्यांची गरज नव्हती. टँकर काही ताऱ्यांसारखा सरकणार नव्हता. पाणी ओतायला त्याला चांगला पाव तास लागायचा. पंपाच्या खोलीवर एक बल्ब होता, त्याच्या उजेडात टँकरची मागची बाजू आणि डाळिंबाची झाडं दिसत होती. फ्लॅश नाही, आवाज नाही. बाईंनी भिंग उघडलं आणि घड्याळ बघत बसल्या. मी सारखी मागं वळून बघत होते. त्या नाही. तेजोमेघासाठी श्वास धरून बसायची सवय त्यांना होती.

तो रोल त्यांनी गावच्या पोस्टात टाकला नाही. स्वतः एसटीनं सोलापूरला गेल्या, आणि पुण्याहून तो परत येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. पाकीट आलं. पहिला फोटो माझा, फळ्यापुढचा, घाबरलेला. त्याच रोलवर झोत यायच्या आत घेतलेला एक तेजोमेघ होता, आजवरचा सगळ्यात चांगला. आणि शेवटचा फोटो: टँकर, त्याच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं 'पिण्याचे पाणी', गाडीचा नंबर, नळी, विहीर, आणि डाळिंबाची फळं धरलेली झाडं.

सोमवारी प्रार्थनेआधी फलकावर दोन फोटो लागले. बाईंचं अक्षर मोठं, सुटसुटीत. पहिल्याखाली लिहिलं होतं: 'मृगातला तेजोमेघ. अंतर दीड हजार प्रकाशवर्षे.' दुसऱ्याखाली: 'पिण्याचे पाणी. शाळेपासून अंतर अर्धा कोस. वस्तीपासून अंतर मोजता येत नाही.'

मधल्या सुट्टीपर्यंत सगळं गाव फलकापुढं येऊन गेलं. हेडमास्तरांनी फलकावरून फोटो काढून टाकले, पण एक प्रत आधीच वस्तीतल्या बायांकडं गेली होती. त्या तो कागद पदरात धरून, पायी, तालुक्याच्या कचेरीवर गेल्या. सोजरमावशी सगळ्यांच्या पुढं होत्या.

त्याच आठवड्यात संस्थेच्या कमिटीपुढं बाईंना बोलावणं आलं. विषय टँकरचा नव्हताच. विषय होता शिक्षिकेच्या वर्तणुकीचा. तिन्हीसांजेनंतर शाळेच्या छपरावर बाई असतात, तिथं परपुरुष येतात, संस्थेचं नाव जातं. परपुरुष म्हणजे कोण, तर इस्माईलचाचा. सत्तरीचा माणूस, गुडघे दुखत असताना बिजागरी ठीक करायला एकदा वर चढलेला! आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझा हात थांबतो. ज्याला फोटो खोटा म्हणता येत नाही, तो फोटो काढणारीला वाईट म्हणतो. आणि त्यासाठी चार सुशिक्षित माणसं ओळीनं खुर्च्या मांडून बसतात.

मला साक्षीला बोलावलं होतं. हेडमास्तरांनी आधी बाजूला घेऊन समजावलं की मी नवी आहे, लग्न व्हायचंय, विचार करून बोलावं. मी आत जाऊन सांगितलं की छपरावर रोज मी असते, बोल्ट मी फिरवते, आणि वर्तणूक तपासायची तर दोघींची तपासा. माझं तेवढंच काम होतं. बाकीचं बाईंनी केलं.

चेअरमन शांत होता. शांत माणूस होता तो, आवाज कधी चढवायचा नाही. म्हणाला, "बाई, तुम्हाला आभाळ बघायचा शौक हाय, आमी कधी अडवलं न्हाय. आभाळ बघता, ते बघा. खाली कशाला बघता?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खाली बघायला मला वेळच न्हवता, साहेब. तुमच्या टँकरचा दिवा माझ्या फोटोत येत होता."

 मग एक सभासद म्हणाला की संस्थेनं तुम्हाला नोकरी दिली, त्याची जाण ठेवा. त्यावर बाईंचा आवाज तिथं पहिल्यांदा चढला. "नोकरी मला माझ्या मार्कांवर मिळाली. जाण ठेवायची तर त्या बायांची ठेवा. ह्या इमारतीची खडी त्यांनी फोडलेली हाय."

त्यांना निलंबित केलं. चार दिवसांनी तालुक्याहून साहेब आले, बागेतली विहीर बघून गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून टँकर वस्तीत यायला लागला. रोज. बायांनी पहिल्या खेपेला टँकरला हळदीकुंकू वाहिलं नाही, की हार घातला नाही. घागरी भरल्या आणि घरी गेल्या. बाईंना ते फार आवडलं. म्हणाल्या, आपलंच पाणी, आरती कशाला ओवाळायची?

पण शिक्षा कुणाला झाली? ड्रायव्हरला. चेअरमनच्या केसाला धक्का लागला नाही. चौकशीत निघालं की चालकानं परस्पर पाणी वळवलं. ड्रायव्हर पेठेतलाच होता, तीन लेकरांचा. त्याच्या बायकोनं वस्तीच्या तोंडाशी येऊन बाईंना शिव्या दिल्या. बाईंनी ऐकून घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः निलंबित असताना तालुक्याच्या कचेरीत जाऊन लेखी दिलं की ड्रायव्हर हुकमाचा ताबेदार होता. पाणी त्यानं स्वतःच्या बागेत ओतलं नाही, कारण त्याला बागच नाही. मी म्हणाले, बाई, तो तर रोज तिथं पाणी ओतत होता. त्या माझ्यावरच कडाडल्या, "मग मी काय त्याचा फोटो काढला व्हता? मी टँकरचा काढला." ड्रायव्हरला परत घेतलं की नाही मला नक्की आठवत नाही. दूध संघाच्या गाडीवर तो नंतर दिसायचा खरा.

बाईंचं निलंबन सहा-सात महिने चाललं. त्या काळात त्यांनी वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर शिकवण्या घेतल्या. त्या वर्षी वस्तीतली मुलं गणितात पहिल्यांदा पेठेच्या पुढं गेली. शिक्षण खात्याची माणसं येऊन गेली, वर्तणुकीचा एकही पुरावा निघाला नाही, आणि त्यांना परत घ्यावं लागलं. माफी कुणी मागितली नाही. त्या परत आल्या त्या दिवशी छपराच्या जिन्याला लोखंडी दार बसलेलं होतं, वर कुलूप. कारण विचारलं, तर सुरक्षितता.

दर वर्षी पहिल्या शिक्षकसभेत, सगळे विषय संपले की बनसोडे बाई उठायच्या आणि विचारायच्या, "छपराची किल्ली?" हेडमास्तर वहीत डोकं घालायचे. बाई खाली बसायच्या. मी तिथं होते तोवर किल्ली मिळाली नाही. त्या फोटो काढायच्या विहाराच्या मागच्या अंगणातनं. तिथं आभाळ जरा अरुंद होतं, पण वस्तीत दिवा नव्हता, त्यामुळं अंधार शाळेपेक्षा चांगला होता. ते त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना राग आला. "पेठेत खांब आले, मळ्यात खांब आले. आमच्याकडं अंधार, म्हणून माझा तेजोमेघ चांगला येतो. असला चांगला फोटो घेऊन काय करू मी?"

मग त्यांनी वस्तीच्या खांबांसाठी अर्ज सुरू केले. पंचायत, वीज मंडळ, तालुका. दोन वर्षं त्या कचेऱ्यांच्या बाकांवर बसल्या. मला राहवलं नाही. मी म्हणाले, बाई, दिवे आले तर तुमचं आभाळ जाईल. त्या म्हणाल्या, "आभाळ कुठं पळून जातंय? मी जाईन जरा लांब, माळावर. बायांनी कुठं जायचं अंधारात?"

माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि मी नोकरी सोडली. निघायच्या दिवशी संध्याकाळच्या गाडीआधी त्यांना भेटायला वस्तीत गेले. नेमका त्याच दिवशी पहिला दिवा लागला होता. नव्या खांबाखाली पोरं गोल करून उभी होती, बाया ओसरीतनं बघत होत्या. सोजरमावशी आता थकल्या होत्या, त्यांना बाज उजेडात आणून दिली होती. माझ्याशी बोलायला बाईंना सवडच नव्हती. वायरमन शिडी खांद्यावर टाकून निघाला होता आणि बाई त्याच्या वाटेत उभ्या होत्या. पुढचे दोन खांब नुसतेच रोवलेले होते, तारेविना. तो सांगत होता की बाकीचं सामान आलं नाही, आलं की बघू.

गाडीचा हॉर्न वाजला. मी लांबूनच हात केला. बाईंनी मान माझ्याकडं वळवली, हसल्या, एक हात वर केला, आणि दुसऱ्या हातानं वायरमनची शिडी धरूनच ठेवली.